खडप हललं

पाच वाजता खिडकीखाली बस्त्याव:
"उठलस काय, की अजून बँकेतच आसस?"

तळाशीलला रस्ता संपत येतो तिथे
या अंगाला खाडी, त्या अंगाला दर्या,
मधे माडांच्या चार रांगांपुरती जमीन.
झोपेत कूस बदलली
तर माणूस कुठल्या पाण्यात पडेल सांगता येत नाही.

तारकाने टपावरून तीन फळ्या उतरवल्या.
तिचे आजोबा रापणीचे तांडेल.
पहिली फळी घरी आली तेव्हा
त्यांनी तिच्यावर हात फिरवला, उलटी करून पाहिली,
म्हणाले, "अर्धीच होडी इकल्यानी गो तुका."

मतलई अजून वाहत होता,
लाटांचे शेंडे मागे विंचरत.
हेरंबने वाळूवरच शिकवणी घेतली:
पालथा हो. हात मार. उठ.
वाळूवर मी सतरा वेळा उठलो.

चष्मा सदऱ्यात गुंडाळून ठेवलेला,
त्यामुळे लाटा धूसर, आणि भीतीही धूसर.
पहिलीने फळी नाकावर हाणली.
दुसरीने असं घुसळलं
की वर कुठे, खाली कुठे,
हे घोट्याच्या दोरीला विचारावं लागलं.
तिसरी आठवत नाही.

बस्त्याव कमरेएवढ्या पाण्यात,
गरीला सुंगटं ओवून, आमच्याकडे पाठ करून:
"माशे पळतत रे तुमच्या धडपडीन!"
तरी दोन मुडदुशे मिळाले त्याला, आणि एक शेंगाळा,
ज्याचा काटा अंगठ्यात शिरला.
अंगठा चोखत त्याने तीन संतांची नावं घेतली,
प्रार्थनेला घेतात तशी नव्हे.

भरती अर्धी चढली आणि
मागून कुणीतरी फळी ढकलली. "उठ! मेल्या, उठ!"
उठलो.
हेरंब म्हणतो, चार सेकंद.
बस्त्याव म्हणतो, शिंक येऊन जाईल इतकंच.
मी हिशोबाचा माणूस,
माझ्या खात्यावर सात जमा आहेत.

मग गरी अडकली.
"खडपाक लागली," बस्त्याव वैतागला.
"थांब, सोडवतंय," म्हणून तारका
दोरीच्या मागावर हात मारत गेली
फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे,
दोरी बाहीवर गुंडाळली, खाली वाकून पाहिलं.

"खडप हलता रे!"

दाराएवढं पाकट.
आधी वाळूचा ढग उठला, मग काळी किनार,
मग बस्त्यावची काठी कमान झाली,
तो छातीभर पाण्यात, टाचा रोवून,
हेरंब ओरडतोय, "सोड!"
बस्त्याव ओरडतोय, "सोडू नको!"
मी कुणाच्याही बाजूने ओरडतोय.

आणि तारका फळीवर उभी राहिली.
लाट नव्हती. वारा पडलेला.
सपाट, हिरव्या पाण्यावरून
ती आचऱ्याच्या दिशेला निघाली होती
खाली पंख मारणाऱ्या त्या जनावरामागे,
गुडघे किंचित वाकवून,
बाजाराला निघाल्यासारखी.

दहा वाव. पंधरा.
टण्.
बस्त्याव मागच्या मागे बसला.
तारका तशीच थोडी पुढे गेली,
मग हळूच पाण्यात उतरली
आणि इतकं हसली की तिला फळीवर चढता येईना.
"ता माजा जेवाण होता," बस्त्याव म्हणाला.

दोन मुडदुशे, एक शेंगाळा, माणसं पाच.
तिरफळं घालून कढी वाढवली, भात जास्त लावला.
आजोबांनी वाटीत बघितलं, आमच्याकडे बघितलं,
मग तारकाचं मनगट ओढून घेतलं.
बाहीतूनही दोरीचा लाल वळ उठला होता.
बोटाने त्याची रुंदी मापली.
"पाकट," म्हणाले. आणि जरा वेळाने,
"मादी असतली. बरी सुटली."
शेंगाळ्याचं डोकं त्यांनी बस्त्यावच्या ताटात ठेवलं.

सोमवारी, सव्वाअकरा.
काउंटरवर वाकून सही तपासत होतो
कोचऱ्याच्या कुणा सुलोचनाबाईंची,
आणि नाकातून अचानक, काहीही न विचारता,
चमचाभर समुद्र
पैसे काढायच्या चिठ्ठीवर.
शाई पसरली.
"सर्दी काय ओ?" बाईंनी विचारलं.
मी जिभेने वरचा ओठ चाटून बघितला.
"नाही," म्हटलं, "दुसरी चिठ्ठी भरा."